उजेड आणि सावली

आधारवचनें : मलाखी ४ : २, २ राजे ४ : १८–२०



पावसाळा संपला कीं आपल्या गांवांतून घरोघर एक देखावा दिसतो. घरधनीण आंतल्या वाकळा, गोधड्या आणि घोंगड्या बाहेर काढिते, झटकिते आणि कुडावर किंवा छपरावर उन्हांत पसरिते. चार महिन्यांचा कुबट वास एका दिवसांत जातो. हें तिला कोणत्याहि शाळेनें शिकविलें नाहीं. तिच्या आईनें शिकविलें. इ. स. १८७७ मध्यें डाउन्स व ब्लंट या दोघां इंग्रज संशोधकांनीं सूर्यप्रकाशानें सूक्ष्म जंतूंची वाढ थांबते असें प्रयोगानें दाखविलें. परंतु आपल्या आज्या-पणज्या त्याच्या कितीतरी आधींपासून वाकळांना ऊन देत आल्या होत्या.

मात्र मला पुष्कळदां एक प्रश्न पडतो. जी माउली वाकळेला ऊन देते, तीच आपल्या बाळंतीण सुनेला सव्वा महिना अंधाऱ्या खोलींत कां कोंडिते? आणि जो शेतकरी भर दुपारीं आपला बैल झाडाखालीं बांधितो, तोच त्या वेळीं खुरपणाऱ्या बाईला उन्हांत कां ठेवितो? आज आपण या दोन प्रश्नांचा शास्त्रवचनांच्या उजेडांत विचार करूं.

आपल्या आधारवचनांत सूर्याचीं दोन रूपें आहेत. मलाखी संदेष्टा सांगतो कीं, देवाचें भय धरणारांवर न्यायत्वाचा सूर्य उगवेल आणि त्याच्या पंखांत आरोग्य असेल. उलट राजांच्या दुसऱ्या पुस्तकांत शुनेम येथील एका बाईचा लहान मुलगा कापणीच्या दिवसांत बापाकडे शेतांत जातो, डोकें दुखतें म्हणून ओरडतो, आणि दुपारीं आईच्या मांडीवर प्राण सोडितो. शास्त्रानें त्या दुखण्याचें नांव सांगितलें नाहीं. परंतु शेतांत राबणाऱ्या कोणाहि माणसानें ती गोष्ट ऐकिली तर तो म्हणेल कीं, पोराला ऊन लागलें. एका वचनांत सूर्य बरें करितो, दुसऱ्यांत त्याचा ताप जीव घेतो. हे दोन सूर्य नव्हेत, एकच आहे. मग भेद कोठें आहे?

पहिली गोष्ट : सूर्य देव नव्हे, देवाचा सेवक आहे.

उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायांत सूर्याला नांवहि दिलेलें नाहीं. दिवसावर नेमलेली मोठी ज्योति एवढेंच म्हटलें आहे, आणि तीहि चवथ्या दिवशीं निर्माण झाली. मिसर देशांत लोक सूर्याला रा म्हणून भजत, बाबेलांत शमश म्हणून भजत. त्यांच्यामध्यें राहिलेल्या इस्राएलास मोशेनें बजाविलें कीं, आकाशांतील ज्योतींपुढें लवूं नका. त्या सर्व लोकांच्या वांट्यास देवानेंच दिल्या आहेत. आपल्यापैकीं अनेकांच्या वडिलांनीं उगवत्या सूर्याला हात जोडिले. त्यांची थट्टा करूं नका. ती कृतज्ञता होती. आपण ती योग्य दारीं न्यावयाची आहे.

हा सेवक आपल्यापासून सुमारें पंधरा कोटी किलोमीटर दूर उभा आहे, आणि त्याचा किरण आठ मिनिटांहून थोड्या अधिक वेळांत आपल्या अंगणांत येतो. प्रभूनें डोंगरावरील प्रवचनांत सांगितलें कीं, बाप आपला सूर्य वाईटांवर आणि चांगल्यांवर सारखाच उगवितो. तो किरण पाटलाचा वाडा व आपली वस्ती यांत भेद करीत नाहीं. म्हणून सूर्यापुढें लवूं नका, आणि त्याला भिऊंहि नका. ग्रहण लागलें कीं गरोदर बाईला अंधारांत निजवून ठेवण्याची चाल आपल्या घरांतून अजून पुरती गेली नाहीं. ग्रहणानें पोटांतील लेंकरास कांहींएक होत नाहीं. मात्र उघड्या डोळ्यांनीं ग्रहण पाहिल्यास डोळ्याचा आंतला पडदा भाजतो, हें खरें आहे. तें कोणींच पाहूं नये.

दुसरी गोष्ट : उजेडापासून कोणाला कोंडूं नये.

मागल्या शतकाच्या आधीं विलायतेंतील धुरानें भरलेल्या शहरांत हजारों लेंकरांना मुडदूस होत असे. पाय धनुष्यासारखे वांकत, बरगड्यांवर गांठी येत, दांत उशिरां निघत. कारण कोणास नक्की कळत नव्हतें. थिओबाल्ड पाम नांवाचे एक मिशनरी डॉक्टर जपानांत निइगाता येथें सेवा करून मायदेशीं परतले, तेव्हां त्यांच्या ध्यानांत आलें कीं, जपानांत हा आजार आपण जवळजवळ पाहिलाच नाहीं. त्यांनीं निरनिराळ्या देशांतील मिशनरी बंधूंना पत्रें लिहून विचारिलें, आणि इ. स. १८९० मध्यें आपलें मत छापून प्रसिद्ध केलें कीं, मुडदुसाचें मूळ सूर्यप्रकाशाच्या अभावांत आहे. सुमारें तीस वर्षें त्यांच्या बोलण्याकडे फारसें कोणीं लक्ष दिलें नाहीं.

पुढें याचा एक मोठा पुरावा आपल्याच मुलखांत मिळाला. हचिसन व शहा या दोघांनीं नाशिक येथें या आजाराचा शोध करून इ. स. १९२२ मध्यें तो प्रसिद्ध केला. ज्या खात्यापित्या घराण्यांतून पडदा पाळीत, त्यांच्या मुलांत मुडदूस होता, आणि स्त्रियांचीं हाडें मऊ पडत होतीं. उलट ज्या गरीब हिंदु कुटुंबांचें अन्न त्याहून हलकें होतें, परंतु बाया उघड्यावर राबत होत्या आणि पोरें उन्हांत खेळत होतीं, त्यांच्यांत हा आजार आढळला नाहीं. बंधूंनो, हें नीट मनांत घ्या. वाड्यांतील तुपापेक्षां झोंपडीपुढचें ऊन त्या लेंकरांच्या हाडांना अधिक उपयोगीं पडलें.

असें कां होतें? आपल्या कातडींत एक स्निग्ध द्रव्य असतें. सूर्याच्या अदृश्य किरणांपैकीं कांहीं त्यावर पडले म्हणजे त्यापासून ड जीवनसत्त्व तयार होतें. यकृत आणि मूत्रपिंडें त्याला कामाजोगें करितात, आणि मग पोटांत गेलेल्या अन्नांतील कॅल्शियम अंगीं लागून हाडें बळकट होतात. हे किरण कांचेतून आंत येत नाहींत. म्हणून बंद खिडकीजवळ बसून हा लाभ होत नाहीं. आपल्या सांवळ्या कातडींत जो रंग आहे तो आपल्याला उन्हापासून राखितो. परंतु त्याच कारणानें आपल्याला गोऱ्या माणसापेक्षां अधिक वेळ ऊन घ्यावें लागतें. आणि अगदीं उगवतीचें ऊन गोड लागलें तरी त्यांत हे किरण फार थोडे असतात. आपली सावली आपल्या उंचीहून आंखूड झाली म्हणजे ते पुरेसे येऊं लागतात. म्हणून थंडीच्या दिवसांत बाळंतिणीनें दुपारच्या सुमारास अंगणांत बसावें, आणि उन्हाळ्यांत साडेनऊ-दहाच्या सुमारास थोडाच वेळ हातपाय उघडे ठेवून बसावें. सकाळचा उजेड व्यर्थ आहे असें मात्र समजूं नका. तो डोळ्यांवर पडला म्हणजे शरीराला दिवस व रात्र यांचा हिशेब कळतो आणि रात्रीं झोंप नीट लागते. उजेडाकडे पाठ करून बसलेल्या उदास माणसाला हात धरून दारांत आणून बसविणें हीहि सेवा आहे.

आणखी एक गोष्ट सांगतों. इंग्लंडांत रॉचफर्ड येथील इस्पितळांत वॉर्ड नांवाची एक परिचारिका होती. दिवस भरण्याआधीं जन्मलेल्या नाजूक बाळांना ती हवा चांगली असली म्हणजे बाहेर अंगणांत नेत असे. एकदां तिनें एका बाळाचें अंग डॉक्टरांना उघडून दाखविलें. सगळें अंग फिकट झालें होतें, आणि जेवढा भाग कापडाखालीं झांकलेला होता तेवढाच कावीळीनें पिवळा राहिला होता. या निरीक्षणावरून शोध होत गेला, आणि इ. स. १९५८ मध्यें तेथील डॉक्टरांनीं उजेडाचा उपचार प्रसिद्ध केला. आज इस्पितळांत पिवळ्या पडलेल्या बाळांना निळ्या दिव्याखालीं ठेवितात, त्याचा उगम एका परिचारिकेच्या मायेंत आहे.

परंतु येथें सावध राहा. बाळ पिवळें दिसलें तर घरींच उन्हांत ठेवून वाट पाहूं नका. त्याच दिवशीं इस्पितळांत न्या. तान्ह्या बाळाची कातडी कोंवळी असते, ती कडक उन्हानें भाजते. डॉक्टर ड जीवनसत्त्वाचे थेंब देण्यास सांगतील तर ते नेमानें द्या. क्षयाच्या रोग्यांना पूर्वीं उन्हांत ठेवून बरें करण्याचा यत्न करीत. स्वित्झर्लंडांत लेझाँ येथें रोलिए नांवाच्या डॉक्टरांनीं इ. स. १९०३ पासून हाडांच्या क्षयावर असा उपचार चालविला, आणि त्याच वर्षीं डेन्मार्कांतील फिन्सेन यांना कातडीच्या क्षयावरील प्रकाशोपचाराबद्दल नोबेल पारितोषिक मिळालें. त्या काळीं दुसरें औषध नव्हतें. इ. स. १९४३ मध्यें स्ट्रेप्टोमायसिनाचा शोध लागला, आणि त्यानंतर आणखी औषधें निघालीं. आज क्षय औषधांनीं बरा होतो, आणि सरकारी दवाखान्यांत तीं फुकट मिळतात. क्षयाच्या घराचीं दारें-खिडक्या उघडीं ठेवा, अंथरूण उन्हांत घाला. पण औषधाचा एक दिवसहि चुकवूं नका. ज्या देवानें सूर्य केला त्यानेंच औषध शोधणाराला बुद्धि दिली.

तिसरी गोष्ट : तापांत कोणाला सोडूं नये.

शुनेमच्या त्या मुलाच्या बापानें काय केलें? त्यानें चाकराला सांगितलें कीं, याला त्याच्या आईकडे उचलून ने. त्यानें स्वतः कापणी सोडिली असें शास्त्रांत नाहीं. मी त्या बापाला दोष देत नाहीं. पीक शेतांत उभें असलें म्हणजे शेतकऱ्याचें मन कसें होतें हें आपण जाणतों. परंतु आज आपल्याला जें ठाऊक आहे तें त्याला ठाऊक नव्हतें, म्हणून आपला जाब अधिक आहे.

घाम हा शरीराचा पंखा आहे. अंगांतील पाणी व मीठ संपलें, किंवा हवा इतकी दमट झाली कीं घाम वाळेना, म्हणजे आंतली उष्णता बाहेर जात नाहीं. ती चाळीस अंश सेल्सियसच्या वर गेली कीं मेंदू व्याकुळ होतो. माणूस असंबद्ध बोलूं लागतो, झोंकांड्या खातो, आंचके देतो, बेशुद्ध पडतो. अशा वेळीं त्याला ताबडतोब सावलींत न्या, कपडे सैल करा, सर्वांगावर पाणी ओता, ओलीं फडकीं घाला आणि वारा घाला. शुद्धीवर असेल तरच घोट घोट पाणी द्या. बेशुद्ध माणसाच्या तोंडांत पाणी घालूं नका, तें श्वासनलिकेंत जातें. १०८ या क्रमांकावर गाडी बोलवा, आणि ती येईपर्यंत पाणी ओतणें थांबवूं नका.

ही केवळ जुन्या करारांतील गोष्ट नव्हे. १६ एप्रिल २०२३ रोजीं नवी मुंबईंतील खारघर येथें एका मोठ्या समारंभासाठीं लाखों लोक उघड्या मैदानांत सकाळपासून दुपारपर्यंत बसले होते. त्यांतील चौदा जण उष्माघातानें मरण पावले. ते भक्तिभावानें आले होते. भक्तिभाव उन्हाला अडवीत नाहीं.

मला दुसऱ्यांविषयीं बोलण्याचा अधिकार नाहीं. माझीच एक चूक सांगतों. कांहीं वर्षांपूर्वीं एका गांवीं एप्रिल महिन्यांत उघड्यावर प्रार्थनासभा ठरली होती. ती अकराला सुरू व्हावयाची, पण साडेबारा वाजले, आणि त्यावर माझा उपदेश लांबला. पुढें बसलेली एक म्हातारी एकाएकीं कलंडली. बायांनीं तिला उचलून जनावरांच्या छपरांत नेलें व हंडाभर पाणी तिच्या अंगावर ओतिलें. देवाच्या दयेनें ती वांचली. त्या दिवशीं मी जीवनी पाण्याविषयीं बोलत होतों, आणि तिच्यापुढें तांब्याभर साधें पाणी ठेवण्याचें माझ्या मनांत आलें नव्हतें. शिवाय माझ्या डोक्यावर कोणीं छत्री धरिली होती. ती छत्री मला अजून आठवते.

आतां बवाजाकडे पाहा. रूथ परकी, विधवा, दुसऱ्याच्या शेतांत सरवा वेंचणारी. बवाजानें तिला सांगितलें कीं, तहान लागली तर गड्यांनीं भरून ठेविलेलें पाणी पी. आपल्यापैकीं ज्यांच्या वडिलांना एके काळीं गांवच्या पाणवठ्याला हात लावूं देत नव्हते, त्यांना या एका वाक्याची किंमत समजावून सांगावी लागत नाहीं. परंतु आज आपल्यापैकीं कोणी मुकादम झाले आहेत, कोणी वीटभट्टीवर माणसें नेतात, कोणी दोन-चार एकरांचे मालक आहेत. आतां पाण्याचा घडा आपल्या हातीं आहे. इ. स. २००५ च्या रोजगार हमीच्या कायद्यानें कामाच्या जागीं पिण्याचें पाणी व मुलांसाठीं सावली असावी असें घालून दिलें होतें. बवाजाला कोणत्याहि कायद्यानें सांगितलें नव्हतें. उन्हाळ्यांत पहाटे काम सुरू करावें, दुपारीं बारा ते चार विसांवा द्यावा, मजुरी कापूं नये, आणि बांधावर पाण्याचा माठ भरून ठेवावा. मत्तयाच्या विसाव्या अध्यायांतील मजूर दिवसाचें ओझें व ऊन आपण सोसिलें असें म्हणाले, तें प्रभूनें शास्त्रांत लिहून ठेवविलें. त्याला मजुराच्या पाठीवरचें ऊन दिसतें.

शेवटची गोष्ट : न्यायत्वाचा सूर्य.

तर मग भेद सूर्यांत नाहीं. तो देवाच्या आज्ञेनें आपल्या वाटेनें चालतो. कोणाला उजेडांत येऊं द्यावयाचें आणि कोणाला सावली द्यावयाची, हें देवानें माणसाच्या हातीं ठेविलें आहे. बाळंतीण स्वतः खोलीचें दार उघडूं शकत नाहीं, आणि मजूर बाई स्वतः दुपारची सुटी घेऊं शकत नाहीं. दार उघडणें आणि सुटी देणें हें ज्याच्या हातीं आहे त्याला देव विचारील.

प्रियजनहो, मलाखीनें ज्या सूर्याविषयीं भाकीत केलें, तो आपला प्रभु येशू ख्रिस्त होय. त्याचा उजेडहि विकत मिळत नाहीं. परंतु वाकळ पेटींत ठेवून जसें तिला ऊन लागत नाहीं, तसें मन बंद ठेवून त्याचें आरोग्य मिळत नाहीं. कित्येक माणसें रविवारीं कांचेआड बसल्यासारखीं बसतात : उजेड दिसतो, पण अंगीं लागत नाहीं. जुना राग, भाऊबंदकीचा दावा, दारूची चोरटी संगत, हें सर्व बाहेर काढा, झटका आणि त्याच्यापुढें पसरा. कुबट वास जाईल.

आणि वधस्तंभाची आठवण करा. त्याला सकाळीं खिळिलें; डोक्यावर छाया नव्हती; त्याला तहान लागली तेव्हां आंब स्पंजानें त्याच्या तोंडाला लाविली. मग भर दुपारीं अंधार पडला. जो जगाचा उजेड, त्यानें आपल्यासाठीं ताप आणि अंधार हीं दोन्हीं सोसिलीं. म्हणून योहानाला दृष्टांतांत दिसलें कीं, तारण पावलेल्यांना पुन्हा ऊन बाधणार नाहीं, आणि तोच त्यांचा मेंढपाळ होईल. ज्याला त्या सावलीची आशा आहे, त्यानें येथें आपल्या शेजाऱ्याला सावली द्यावी.

उपदेशक बंधूंनो, पुढील रविवारच्या आधीं आपल्या वस्तींत एक फेरी घाला. कोणत्या घरांत बाळंतीण किंवा आजारी मनुष्य अंधारांत आहे तें पाहा, आणि घरच्या वडील माणसाशीं आदरानें बोला. उन्हाळ्यांतील उपासना सकाळीं लवकर ठेवा, ती वेळेवर सुरू करा आणि दारांत पाण्याचा माठ भरून ठेवा. हें सुवार्तेहून वेगळें काम आहे असें कोणीं समजूं नये.

हे आकाशाच्या व पृथ्वीच्या देवा, तूं आपला सूर्य आम्हां अपात्रांवर रोज उगवितोस, म्हणून आम्ही तुझे उपकार मानितों. आमच्या घरांचीं बंद दारें उघड. ज्यांना आम्ही उन्हांत राबवितों त्यांच्याविषयीं आमच्या मनांत दया घाल, आणि तुझ्या पुत्राच्या पंखांखालीं आम्हां सर्वांस आरोग्य दे. त्याच्याच नामानें मागतों. आमेन.